गॉथिक वास्तुशैली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक कॅथेड्रलांबद्दल वाचक, विद्यार्थी आणि फिरायला निघालेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. उत्तरं मुद्दाम सारख्या लांबीची ठेवलेली नाहीत. काही प्रश्न दोन ओळींत मिटतात, काहींना गवंड्याच्या परांचीवर चढावं लागतं.

गॉथिक म्हणजे नेमकं काय? टोकदार कमानी असल्या की झालं का?

नाही. टोकदार कमान ही सर्वांत आधी नजरेत भरणारी खूण, पण एकट्या तिच्यावरून काही ठरत नाही. गॉथिक इमारत ओळखायची तर दगडी छताचा रेटा, म्हणजे बाजूला ढकलणारा जोर, कुठून निघतो आणि जमिनीपर्यंत कसा पोचतो ते पाहा. आधीच्या रोमनेस्क चर्चमध्ये अर्धगोल छताचा रेटा भिंतीच्या सबंध लांबीवर पडे. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान आणि आत काळोख. गॉथिकमध्ये टोकदार कमानी आणि फासळ्यांच्या (छताखालच्या बारीक दगडी कमानींच्या) छतामुळे तो रेटा ठरावीक बिंदूंवर गोळा होतो आणि तिथून बाहेरच्या आधारांकडे जातो. मधल्या भिंतीवर मग फारसा भार उरत नाही. तिथे खिडकी काढता येते, आणि गवंड्यांनी ती काढली.

या नावाचा गॉथ लोकांशी काय संबंध?

काहीही नाही. गॉथ टोळ्यांचा काळ या इमारतींच्या कितीतरी शतकं आधी संपला होता. इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या लेखकांना ही शैली रानटी वाटे. ज्योर्जो वासारीने १५५० मध्ये तिला ‘जर्मन पद्धत’ म्हणत गॉथांच्या माथी मारलं. म्हणजे हे नाव मुळात शिवी आहे, ती पुढे बिरुद झाली. तेराव्या शतकातल्या एका जर्मन वृत्तांतात या बांधणीला ‘फ्रेंच काम’ म्हटलं आहे, आणि तेच जास्त खरं आहे.

सुरुवात कुठे आणि कधी झाली?

पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या सेंट डेनिसच्या मठात. फ्रान्सचे राजे इथे पुरले जात. मठाधिपती सुजे यांनी जुन्या चर्चचा पश्चिम दर्शनी भाग नव्याने बांधला, तो ११४० मध्ये अर्पण झाला. वेदीमागचं पूर्व टोक, म्हणजे क्वायर, ११ जून ११४४ रोजी राजा सातवा लुई याच्या उपस्थितीत अर्पण झालं. त्या टोकाला वेदीभोवती फिरणारा दुहेरी प्रदक्षिणामार्ग आहे आणि त्याला लागून अर्धवर्तुळात लहान प्रार्थनागृहं आहेत. त्यांच्यामधल्या भिंती जवळजवळ काढून टाकल्यामुळे बारीक खांबांमधून सगळ्या खिडक्यांचा उजेड आतवर येतो. १०-१५ वर्षं आधी हे कुणाला शक्य वाटलं नसतं.

साँसचं कॅथेड्रलही याच सुमारास सुरू झालं, त्यामुळे ‘पहिलं कोणतं’ हा वाद रंगतो. प्रदेश मात्र एकच, राजाच्या खास मुलखातला पॅरिसभोवतालचा भाग. इथे चुनखडीचा चांगला दगड होता, तो वाहून न्यायला सेन आणि वाझ या नद्या होत्या, वाढती शहरं होती आणि एकमेकांशी चढाओढ करणारे बिशप होते.

मग टोकदार कमान सुजेंनीच शोधली का?

नाही. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत (सन ८७९) टोकदार कमानींच्या रांगा आहेत. बर्गंडीतल्या क्लूनीच्या मठचर्चमध्येही त्या अकराव्या शतकाच्या अखेरीस आल्या. फासळ्यांचं छत इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथेड्रलमध्ये होतं. तिथलं बांधकाम १०९३ मध्ये सुरू झालं आणि मुख्य दालनाचं छत ११३३ पर्यंत पूर्ण झालं. सेंट डेनिसमध्ये भाग नवे नव्हते, त्यांची सांगड नवी होती.

एक सावधगिरी: ‘गॉथिक शैली धर्मयुद्धांतून पूर्वेकडून आली’ हे वाक्य फार सोपं आहे. कमानीचा आकार तिकडून आला असण्याची शक्यता भक्कम आहे. पण फासळ्या, बाहेरचे आधार आणि काचेची भिंत ही एकत्र व्यवस्था तिकडच्या कुठल्या इमारतीतून उचललेली नाही.

टोकदार कमानीने प्रत्यक्षात काय साधलं?

दोन गोष्टी. पहिली भूमितीची, आणि तीच आधी समजून घ्यावी. अर्धवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीच्या निम्मी, त्यात गवंड्याच्या हाती काही नसतं. समजा छताचा एक खण, म्हणजे चार खांबांमधला भाग, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब आहे. त्याच्या रुंदीवर अर्धगोल कमान उभारली तर ती ६ मीटर चढेल, लांबीच्या बाजूवर ३ मीटर. खणाचा कर्ण १३.४ मीटर, म्हणून कर्णावरची कमान ६.७ मीटर चढेल. तीन कमानी, तीन उंच्या. छताचे माथे जुळत नाहीत. म्हणूनच जुने बांधकामी चौरस खणांना चिकटून राहत.

टोकदार कमानीत त्रिज्या आपण निवडतो. कर्णावर अर्धवर्तुळच ठेवा. १२ मीटरच्या बाजूला दोन्हीकडून ६.७५ मीटर त्रिज्येचे कंस काढा, ६ मीटरच्या बाजूला ९ मीटर त्रिज्येचे. तिन्ही कमानी बरोबर ६.७ मीटरवर मिळतात. कागदावर कंपासने करून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. आता खण आयताकृती चालतो, खांब जवळ जवळ घेता येतात आणि वेदीभोवतालच्या वाकड्यातिकड्या खणांवरही छत बसतं.

दुसरी गोष्ट रेट्याची. तेवढ्याच रुंदीवर कमान जितकी उंच, तितका तिचा बाजूला ढकलणारा जोर कमी. समभुज टोकदार कमानीत प्रत्येक कंसाचं केंद्र समोरच्या पायथ्यावर असतं आणि तिची उंची रुंदीच्या ०.८७ पट येते. अर्धवर्तुळात ती ०.५ पट असते. रेटा यामुळे बराच घटतो, संपत मात्र नाही. ‘टोकदार कमान भार सरळ खाली नेते’ असं जे लिहिलेलं आढळतं ते चूक आहे. तसं असतं तर बाहेरचे आधार लागलेच नसते.

फासळ्या छताचा भार वाहतात की नुसत्या शोभेच्या?

यावर विसाव्या शतकात चांगलीच जुंपली होती. पहिल्या महायुद्धातल्या तोफमाऱ्यात काही चर्चच्या फासळ्या गळून पडल्या, तरी त्यांवरचा दगडी पडदा, म्हणजे फासळ्यांमधली जागा भरणारा पातळ थर, जागेवर राहिला. तेव्हा पूर्ण झालेल्या छतात फासळी हाच एकमेव आधार असतो असं म्हणता येत नाही.

पण बांधताना फासळी फार कामाची. ती आधी उभी राहते आणि पडद्याच्या कडा ठरवते. दोन वक्र पृष्ठभाग जिथे मिळतात तिथले दगड अचूक कोनात तासणं महा कटकटीचं काम असतं, ती सांधेजोड फासळी झाकते. लाकूडही वाचवते. सुजेंनी लिहून ठेवलंय की क्वायरच्या कमानी नुसत्या उभ्या होत्या, त्यांवर पडदा भरला नव्हता, तेव्हा मोठं वादळ आलं, त्या थरथरल्या पण टिकल्या. त्यांना तो चमत्कार वाटला. आपल्याला त्यातून बांधकामाचा क्रम कळतो: फासळी आधी, पडदा नंतर.

असं छत बांधत कसे?

ठिकाणानुसार तपशील बदलत, क्रम साधारण असा:

१. खांब आणि भिंती पूर्ण उंचीवर नेऊन आधी लाकडी छप्पर चढवत, निदान जमेल तिथे. त्यामुळे खालचं काम पावसात भिजत नसे आणि छपराच्या तुळयांना कप्पी टांगता येई.

२. फासळ्यांचे पायथ्याकडचे थर कमानीसारखे तिरपे न लावता आडवेच, भिंतीत गुंतवून लावत. प्रत्येक थर थोडा पुढे आलेला. एवढ्या भागाला खालून आधार लागत नाही आणि उरलेल्या कमानीची रुंदी कमी होते. लाकूड वाचवण्याची ही सर्वांत मोठी युक्ती.

३. त्यापुढे लाकडी सेंटरिंग, म्हणजे कमान बंद होईपर्यंत दगड तोलून धरणारा साचा. ते जमिनीपासून उभारत नसत, भिंतीच्या माथ्याजवळ टेकवत. एका खणाचं काम झालं की तेच पुढच्या खणात सरकवत.

४. फासळीचे दगड खाली पाथरवटांच्या छपरीतच लाकडी साच्यावरून तासलेले असत. कर्णावरच्या फासळ्या मिळतात तिथे एक जड, बहुधा कोरीव दगड बसे. तो बसला की फासळ्या बंद.

५. मग फासळ्यांमधला पडदा लहान, हलक्या दगडांनी, कडेकडून माथ्याकडे भरत. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये हा पडदा काही ठिकाणी जेमतेम १५ सेंटिमीटर जाड आहे. ३३ मीटर उंचीवर!

६. छताच्या वरच्या बाजूला, पायथ्याजवळ जे खळगे उरतात ते दगडगोटे आणि चुन्याने भरत. हे भरण वरून कचरा वाटतं, पण ते काढलं तर फासळीचा खालचा भाग वर उसळू शकतो. दुरुस्तीत हौसेने ‘वजन कमी’ करणाऱ्यांनी इथेच घात केला आहे.

७. शेवटी सेंटरिंगच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि जाड सांध्यात त्याला महिने काय, वर्षंही लागतात. घाईने साचा काढला तर सांधे दबतात आणि माथा खचतो. पण हाच मंदपणा उपयोगीही पडतो. इमारत बसते, किंचित सरकते, आणि चुना तुटण्याऐवजी जुळवून घेतो. आजची सिमेंटची दुरुस्ती इथे नुकसान करते. सिमेंट दगडापेक्षा कडक, त्यामुळे सांध्याऐवजी दगडच फुटतो आणि ओल आत अडकते.

छताला तडा दिसला म्हणजे धोका का?

बहुतेक वेळा नाही. आधार कालांतराने काही सेंटिमीटर बाहेर झुकतात, कमान थोडी पसरते, माथ्यावर खालच्या बाजूने तडा उघडतो आणि पायथ्याजवळ वरच्या बाजूने. तीन ठिकाणी बिजागऱ्या पडल्यासारखी ही अवस्था असते, आणि अशी कमान शतकानुशतकं उभी राहू शकते. चिंता तडा असण्याची नसते, तो वाढण्याची असते. म्हणून तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तुटली की समजायचं हालचाल सुरू आहे.

फ्लाइंग बट्रेस कसा काम करतो?

मुख्य दालनाच्या दोन्ही अंगांना बुटकी दालनं असतात. उंच भिंतीला टेकू द्यायचा तर मध्ये त्यांचं छप्पर येतं. म्हणून बाहेर स्वतंत्र जाडजूड खांब उभारून तिथून छपरावरून अर्धी कमान भिंतीपर्यंत नेतात. हाच फ्लाइंग बट्रेस. तो दोन कामं करतो, छताचा रेटा झेलणं आणि उंच छपरावर आदळणाऱ्या वाऱ्याचा जोर घेणं. म्हणून अनेक ठिकाणी दोन कमानी एकावर एक दिसतात. खालची रेट्यासाठी, वरची मुख्यतः वाऱ्यासाठी. वरच्या कमानीच्या पाठीवरच्या पन्हळीतून छपराचं पाणीही बाहेर जातं.

बाहेरच्या खांबावरचा टोकदार सुळका नुसता दागिना नाही. त्याचं वजन खांबाच्या माथ्याजवळचे दगड दाबून धरतं, नाहीतर बट्रेसच्या ढकलण्याने तिथले थर सरकतील. रेट्याची दिशा मात्र त्याने फारशी बदलत नाही, त्याला खांबाची जाडीच लागते.

चूक होते ती बहुधा उंचीची. बट्रेस भिंतीला भलत्याच उंचीवर टेकला तर रेटा एकीकडे आणि आधार दुसरीकडे, आणि भिंत मधेच फुगते. फ्रान्समधल्या आमियांच्या कॅथेड्रलमध्ये भिंती पसरू लागल्यावर पंधराव्या शतकाच्या अखेरीस इमारतीच्या अंगात लोखंडी साखळी घालावी लागली. ती अजून आहे.

सगळ्यात उंच कोणतं? बोव्हे का कोसळलं?

फ्रान्समधल्या कॅथेड्रलांच्या छताची उंची पाहा: नोत्र दाम ३३ मीटर (बांधकाम ११६३ पासून), शार्त्र सुमारे ३७ (११९४ च्या आगीनंतर), रँस ३८ (१२११ पासून), आमियां ४२ (१२२० पासून). बोव्हेच्या लोकांनी १२२५ मध्ये काम सुरू केलं आणि ४८ मीटरवर गेले. सोळा मजली इमारतीच्या आत मजलेच नाहीत अशी कल्पना करा.

क्वायर १२७२ मध्ये पूर्ण झालं. १२८४ मध्ये छताचा मोठा भाग कोसळला, म्हणजे बारा वर्षं ते उभं होतं. कारणावर एकमत नाही. एक मत वाऱ्याने बाहेरच्या खांबांत आलेल्या ताणाकडे बोट दाखवतं, दुसरं चुन्याच्या मंद दबण्याकडे. दुरुस्ती करणाऱ्यांचं निदान मात्र आजही दिसतं. त्यांनी दोन खांबांमध्ये आणखी एक खांब घातला, प्रत्येक खण अर्धा केला आणि छताचे चारऐवजी सहा भाग पाडले. म्हणजे त्यांच्या मते खांब फार लांब लांब होते.

शहाणपण टिकलं नाही. पश्चिमेचं मुख्य दालन बांधायचं सोडून तिथल्या मंडळींनी मध्यावर १५३ मीटर उंच मनोरा चढवला, तो १५६९ मध्ये पूर्ण झाला. पश्चिमेकडून टेकू द्यायला दालनच नव्हतं. १५७३ मध्ये तो पडला, सणाच्या दिवशी, भाविक मिरवणुकीने बाहेर पडल्यावर. मुख्य दालन आजतागायत नाही. १९६० च्या दशकात बट्रेसांमधल्या जुन्या लोखंडी सळया कुरूप वाटतात म्हणून काढल्या. मग वाऱ्यात बट्रेस डोलू लागले आणि सळया पुन्हा बसवाव्या लागल्या.

रंगीत काच कशी बनवत?

बाराव्या शतकातल्या थिओफिलस या साधूने कृती लिहून ठेवली आहे: दोन भाग बीच लाकडाची राख, एक भाग वाळू. राखेतल्या पोटॅशमुळे वाळू कमी तापमानाला वितळते. तोटा असा की अशी काच पावसाने झिजते, तिला खड्डे पडतात, आणि जुन्या खिडक्या काळवंडण्याचं एक कारण हे आहे.

निळा रंग कोबाल्टचा. लाल तांब्याचा, पण तो इतका गडद की पूर्ण जाडीची लाल काच काळीच दिसेल. म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवत. तुकडे तापलेल्या लोखंडाने कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवत. चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने काढून भाजत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला चांदीच्या संयुगापासून पिवळा रंग मिळाला, मग एकाच तुकड्यावर पिवळे केस आणि पांढरा चेहरा करता येऊ लागला.

काच धरणारी दगडी जाळीही बदलली. शार्त्रमध्ये सपाट दगडी भिंतीला भोकं पाडल्यासारखी रचना आहे. रँसमध्ये, तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, दगडाच्या बारीक पट्ट्या जोडून जाळी विणली गेली. तिथून काचेचा वाटा वाढतच गेला. १२४८ मध्ये अर्पण झालेल्या पॅरिसच्या सेंत-शापेलमध्ये वरच्या मजल्यावर भिंत जवळपास उरलेलीच नाही. तिथे दगडाच्या जोडीला लोखंडी पट्टेही आहेत, ही गोष्ट कौतुकात विसरली जाते.

नकाशे आणि गणित नसताना हे कसं जमलं?

नकाशे होते, फक्त कागदावर कमी आणि जमिनीवर जास्त. इंग्लंडमधल्या यॉर्क आणि वेल्स या गावांच्या कॅथेड्रलांत प्लास्टरच्या फरशीवर खऱ्या मापाच्या आकृत्या कोरलेल्या खोल्या आजही आहेत. त्यांवरून लाकडी साचे कापत आणि पाथरवटाला देत. ताण-भाराचं गणित नव्हतं, प्रमाणं होती: गुण्या, कर्कटक, दोरी आणि आधीच्या इमारतीचा अनुभव. दगडी बांधकामात हे चालतं, कारण दगड सहसा भाराने चिरडत नाही. आकार चुकला तर इमारत पडते, आणि आकार प्रमाणाने वाढवता येतो.

मुख्य कारागीर अनामिक होते हीही दंतकथा. आमियांच्या आराखड्याचा कर्ता रोबेर द लुझार्श. कँटरबरीचं क्वायर ११७४ च्या आगीनंतर साँसच्या विल्यमने बांधायला घेतलं, ११७८ मध्ये परांचीवरून पडून तो जायबंदी झाला आणि दुसऱ्या विल्यमने काम पुरं केलं. फ्रान्समधल्या लाँ कॅथेड्रलच्या मनोऱ्यांवर तर टेकडीवर दगड ओढणाऱ्या बैलांचे दगडी पुतळे उभे आहेत. त्यांचा पोळा रोजच.

एक कॅथेड्रल बांधायला किती वर्षं लागत?

पैसा असला तर फार नाही. सॉल्झबरीचा मुख्य भाग १२२० ते १२५८. पैसा संपला तर हिशेब नाही. कोलोन १२४८ मध्ये सुरू होऊन सोळाव्या शतकात थांबलं आणि १८८० मध्ये पूर्ण झालं.

नोत्र दामवरचे ते राक्षस मध्ययुगीन आहेत ना?

गच्चीवर हनुवटी टेकून बसलेले नाहीत. ते एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात वास्तुकार व्हियोले-ल-द्युक यांनी बसवले. पाणी ओकणारी गार्गॉइल वेगळी. ती मुळात पन्हळीच, भिंतीपासून पाणी लांब फेकणाऱ्या.

२०१९ च्या आगीत नोत्र दाम पूर्ण का कोसळलं नाही?

जळालं ते ओकचं छप्पर आणि शिशाचं आच्छादन. दगडी छत छपराच्या खाली स्वतंत्र असतं, त्याने जळता ढिगारा बराचसा वरच अडवला. मनोरा पडला तिथे आणि आणखी काही ठिकाणी छताला भगदाडं पडली. दगडी छत बांधण्यामागे आगीची भीती हे मोठं कारण होतंच, इथे ते साडेआठशे वर्षांनी कामाला आलं. पुढचा धोका वेगळा होता. छताचा रेटा गेला तर बाहेरचे बट्रेस भिंतीला आत ढकलणार. म्हणून त्यांच्याखाली घाईने लाकडी साचे बसवले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

मुंबईतल्या इमारती गॉथिकच का?

त्या गॉथिक पुनरुज्जीवनातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं, राजाबाई टॉवर १८७८ चा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८८८ चं. टोकदार कमानी, फासळ्या, पन्हळी, कोरीव प्राणी सगळं आहे. पण ऑफिस आणि स्टेशनाला ३७ मीटर उंच दगडी छताचा रेटा झेलायचा नसतो, त्यामुळे मूळ व्यवस्थेचा गाभा तिथे लागत नाही. टर्मिनसचा अष्टकोनी घुमट मात्र लक्ष देऊन पाहावा. त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत खाचांनी गुंतवून सेंटरिंगशिवाय उभारल्या.

मूळ परंपरेचा शेवटचा धागा पाहायचा तर जुन्या गोव्यात जा. १५४० च्या दशकातल्या रोझरी चर्चमध्ये मॅन्युएलिन म्हणजे पोर्तुगीज उत्तर-गॉथिक काम आहे आणि वेदीवर फासळ्यांचं छत आहे.

प्रत्यक्ष गेल्यावर काय पाहावं?

आधी बाहेरून एक बट्रेस निवडा आणि त्याच्या समोरचा आतला खांब शोधा. मग त्या खांबावरून वर चढणाऱ्या बारीक दंडगोल रेषा मोजा. बहुधा प्रत्येक रेषा छतातल्या एका फासळीपर्यंत जाते. दुर्बीण न्या. ढगाळ दिवशी काचेचे निळे रंग जास्त खुलतात, कडक उन्हात लाल. सेंट डेनिसला पॅरिसच्या मेट्रो १३ ने जाता येतं. तिथे वर पाहू नका. वरचा भाग १२३१ नंतर नव्याने बांधलेला आहे, सुजेंचं काम खाली प्रदक्षिणामार्गात आहे.